ओळखीची माती

युफेमिया म्हातारीनं चिखलाचा बोराएवढा गोळा जिभेवर ठेवला, डोळे मिटून टाळूला दाबला आणि तोंड वाकडं करून अंगणात थुंकली.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"माती आहे, आई. तुझीच," बर्निता म्हणाली. "परवा भिजवली नव्हती का आपण?"

"माती आहे ते मलाही कळतं. मी विचारतेय, ही कोण? मी हिला ओळखत नाही."

एवढं बोलून तिनं पाटीतला सगळा चिखल दोन्ही हातांनी लांब सारला, एप्रनला हात पुसले आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. म्हातारीला हल्ली वार कळत नव्हता, साल कळत नव्हतं, पायातला बूट उजवा की डावा तेही कळत नव्हतं. पण मातीबद्दल ती बोलली ते खरं होतं.

आमच्याकडची माती डोंगराच्या कुशीतून पाटीच्या दगडासारखी निघते, करडी आणि हट्टी. नुसती भिजवून वळली तर वाळताना तडकते. म्हणून जुन्या फुटक्या भांड्यांची खापरं दळून तिच्यात मिसळायची, मग ती ऐकते. ज्या घरी भांडी घडवतात त्या घरी दाराआड खापरांची पिशवी टांगलेली असते. आईचा घडा फुटला की तो लेकीच्या घड्यात जातो, आणि आईच्या घड्यात आजीचा आधीच मुरलेला असतो. मुद्दाम कोणी भांडं फोडत नाही, पण फुटलेलं कोणी फेकतही नाही. चवीवरून घराणं कळतं असं युफेमिया आयुष्यभर सांगत आली. खरं-खोटं देव जाणे. पण तिच्याशी वाद घालायला गावात कोणी धजायचं नाही.

तर तिच्या घरची पिशवी उन्हाळ्यातच रिकामी झाली होती. आणि परवा म्हातारी सकाळपासून "माती कुठंय, माती कुठंय" करत पाठीस लागली, तेव्हा बर्निताच्या अंगात त्राण नव्हतं. तिनं टेबलाखाली पडलेला एक फुटका विकतचा घडा उचलला, पाट्यावर वाटला आणि दिला मिसळून.

विकतचा म्हणजे अल्बुकर्की शहरातल्या कारखान्यात साच्यातून निघालेला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, शंभर सारखे. बर्निता त्यावर काळ्या बारीक रेघा मारायची आणि महामार्गाच्या फाट्यावर टेबल मांडून पर्यटकांना विकायची. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय! कोणी विचारलं तर खरं सांगायची, पण विचारतो कोण. हौसेनं ती याच्या वाटेला गेली नव्हती. माती खणा, भिजवा, चाळा, वळ्या रचा, घोटा, वारा पडायची वाट बघा, मग शेणींत भाजा. या सगळ्याला दिवसच्या दिवस मोकळे लागतात. आणि म्हातारीला पाठ दाखवली की ती कुठे जाईल याचा नेम नव्हता. एकदा ती रेल्वेच्या रुळापर्यंत गेली होती, मेंढरं वळायला. मेंढरं विकून जन्म लोटला होता.

बर्निता साठीला आली होती. तिचा नवरा गेला होता, मुलगा फीनिक्सला होता, गुडघे कुरकुरत होते. रात्री म्हातारी चार वेळा उठायची आणि दर वेळी तिला नव्यानं सांगावं लागायचं की हे घर तुझंच आहे. सकाळी बर्निता कॉफी ओतायची आणि कपाकडे बघत उभी राहायची. कॉफी निवायची तरी प्यायचं भान राहायचं नाही. तिला वाईट वाटत होतं की राग येत होता, ते शोधायलाही तिला उसंत नव्हती.

पण एक गोष्ट होती. मातीत हात गेले की म्हातारी परत यायची. बोटं वळ्या रचायला लागली, की चेहऱ्यावरचा भांबावलेपणा जायचा, आणि मान वर न करता ती म्हणायची, "बर्निता, पाणी आण." एरवी ती लेकीला "बाई" म्हणायची, कधी "अहो बाई", जणू दवाखान्यातून कोणी आलंय. मातीशी बसली की तेवढा वेळ नाव आठवायचं. त्या हाकेसाठीच बर्निता मोडक्या गुडघ्यांनी माती भिजवत होती. आणि आता ती हाकही तिनं आळसानं घालवली होती. आळस म्हणणं जरा कठोर आहे. पण ती स्वतःला तेच म्हणत होती.

त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या मक्याची लापशी समोर ठेवली तर वाटीत बोट घालून ती म्हणाली, "ही पण तसलीच असेल."

दुपारी विल्फ्रेड आला. नात्यानं चुलतभाऊ, धंद्यानं गुराखी. पिकअप गाडीच्या मागे रानशेणींची पोती घालून तो महिन्यातून एकदा यायचा. रानातल्या गवतावर चरलेल्या गाईंच्या, उन्हात कडकडीत वाळलेल्या. भांडी भाजायला दुसऱ्या शेणी चालत नाहीत.

"घे ताई, अव्वल माल," त्यानं पोती उतरवली. "आमच्या गाई हल्ली फक्त तुझ्यासाठी खातात."

"ठेव तिकडे, मागच्या ढिगावर."

"ढीग कमीच होत नाही गं तुझा. भाजतेस की पूजा करतेस?"

ढीग दिसला की म्हातारीला बरं वाटायचं, म्हणून ती शेणी घेत राहिली होती. विल्फ्रेडनं तिच्याकडे नीट बघितलं. "काय झालंय? तोंड का असं?"

तिनं सांगितलं. विल्फ्रेड डोकं खाजवत गेला आणि तासाभरात कागदी पिशवीत ओंजळभर खापरं घेऊन परत आला. त्याच्या सासूच्या घरची होती. बर्निताची आशा पालवली. तिनं बसून ती वाटली, नव्या चिखलात मळली आणि आईसमोर गोळा धरला.

म्हातारीनं चाखला. बराच वेळ चघळला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही त्या एमिलियाच्या घरची."

विल्फ्रेड चाट पडला. "अगदी बरोबर, काकू!"

"तिनं माझी चाळण नेलीय. अजून परत दिली नाही."

"काकू, एमिलिया जाऊन किती वर्षं झाली. मीच तिला खांदा दिला."

"मग चाळण कुठंय?"

बर्निता हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिनं बाहीनं पुसले. म्हातारीनं तोही चिखल सारून दिला. "दुसऱ्याची आजी माझ्या घड्यात कशाला?" ती म्हणाली आणि पुन्हा रस्त्याकडे वळली.

"पालथ्या घड्यावर पाणी," विल्फ्रेड निघताना पुटपुटला. मग गाडीत चढता चढता थांबला. "ताई, तू झोपतेस का गं कधी?"

"झोपेन की," बर्निता म्हणाली.

संध्याकाळी अल्बुकर्कीहून रोझानाचा फोन आला. रोझाना थोरली बहीण. आमच्याकडे घर धाकट्या मुलीला जातं, आणि घराबरोबर म्हातारी माणसंही. थोरलीनं शहरात नोकरी केली, निवृत्त झाली, आणि आता रोज संध्याकाळी फोनवरून आईला सांभाळायची. तिचा सल्ला वाईट नसायचा, पण दुरून डोंगर साजरे.

"आज तरी जेवली का?"

"नाही."

"बघ, बर्निता, मी तुला किती दिवस सांगतेय. ग्रँट्स गावातल्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात खोली मोकळी झालीय. तिथं नर्स आहेत, वेळच्या वेळी खायला घालतात. आणि तो सांता फेचा जुन्या भांड्यांचा दुकानदार शनिवारी त्या बाजूला येणारच आहे. कपाटावरचा घडा त्याला दे, त्या पैशात खोलीचं भाडं भागेल. आईचाच घडा आहे, आईच्याच कामी येऊ दे."

घडा कपाटावर होता. बर्निता जन्मली त्या वर्षी युफेमियानं केलेला: पातळ भिंतीचा, रुंद खांद्याचा, पोटावर इंद्रधनुष्याखाली नारिंगी पोपट. नळ यायच्या आधी डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावात पावसाच्या टाक्यावरून ती त्यातून डोक्यावर पाणी आणायची. एक थेंब सांडायचा नाही, आणि पाठीला बर्निता बांधलेली असायची. संग्रहालयवाले येऊन बघून गेले, दुकानवाले येऊन बघून गेले. युफेमियानं कोणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"बरं," बर्निता म्हणाली.

रोझाना भांडायची तयारी करून बसली असणार. "बरं म्हणजे? देतेस?"

"देते. शनिवारी येऊ दे त्याला."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिला फक्त झोप आठवली. रात्रभराची, सलग, कोणी हाक न मारलेली झोप. आईला दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण झोपायचं, या विचारानं तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. किळसही फार वेळ टिकली नाही. तेवढंही बळ नव्हतं.

शनिवारी सकाळी वारा होता. बर्निता स्टुलावर चढली, घडा कपाटावरून उतरवला, ओल्या फडक्यानं पुसून टेबलावर ठेवला. शेजारी गुंडाळायला एक जुनं ब्लँकेट ठेवलं. आईच्या कपड्यांची बॅग दाराशी होती. ती बघायला लागू नये म्हणून बर्निता चुलीकडे वळून कॉफी करत राहिली.

मागे खुर्ची सरकली. म्हातारी उठून टेबलापाशी आली होती. तिनं घड्याभोवती हात फिरवला, मग बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. घडा खणखणीत वाजला.

"हा कोणी केला, बाई?"

"तू केलास, आई."

"मी?" तिनं घडा वाकवून बुडाकडे बघितलं, मग काठावरून अंगठा फिरवला. "भिंत बरी उतरलीय. आत कोण आहे?"

"कोणी नाही. रिकामा आहे."

"तुला काही कळत नाही," म्हातारी म्हणाली. तिनं मान वाकवून घड्याच्या काठाची आतली बाजू, जिथे रंग नव्हता तिथे, जिभेनं चाटली. तशीच थांबली. मग तिच्या सगळ्या तोंडावर हसू पसरलं. कितीतरी दिवसांत बर्नितानं ते बघितलं नव्हतं.

"ही होय!" ती म्हणाली. "हिला मी ओळखते. ही इथं बसलीय आणि तुम्ही मला कोणाकोणाची माती चाखायला लावता!"

तिनं घडा दोन्ही हातांनी उचलला. चमचा धरताना कापणारे हात आता कापत नव्हते. चुलीजवळच्या वाटीतून चिमूटभर मक्याचं पीठ घेऊन तिनं ते आत सोडलं, काहीतरी पुटपुटली. काय ते तिचं आणि घड्याचं. मग ती उंबऱ्याकडे चालू लागली.

ती काय करणार ते बर्निताला कळलं. मध्ये दोन पावलांचं अंतर होतं. हात पुढे केला असता तर घडा वाचला असता. हात पुढे झाला नाही. दमलेली होती म्हणून झाला नाही, की मनातूनच झाला नाही, ते तिला त्या वेळीही कळलं नाही आणि नंतरही कधी सांगता आलं नाही.

उंबऱ्याच्या दगडावर घडा फुटला. आवाज फार मोठा नव्हता. पोपटाचं डोकं घरंगळत बॅगेपाशी आलं.

"आई! काय केलंस गं हे!"

"काय केलं? घरात खापराचा तुकडा नाही आणि तू चुलीशी उभी," म्हातारी खाली बसून एप्रनमध्ये खापरं वेचत म्हणाली. "माझा घडा. मला कोणाला विचारायचंय? त्यानं पाणी भरलं, पोरी वाढवल्या, पुष्कळ झालं. चल, पाटा काढ."

बर्निता उंबऱ्यावर बसली. दुकानदार गेला, ग्रँट्सची खोली गेली, झोप गेली. ती रडली, लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. म्हातारी तिच्याभोवतीची खापरं वेचत राहिली आणि एकदा म्हणाली, "पाय उचल."

मग बर्नितानं पाटा काढला. दुसरं काय करणार होती! म्हातारीनं खापरं दगडानं ठेचली, आणि ठेचता ठेचता टेबलावरचा पाव ओढून घेतला. भट्टीतला, विल्फ्रेडच्या बायकोनं पाठवलेला. तो तिनं तांबड्या मिरचीच्या रश्श्यात बुडवून खाल्ला. कोणी सांगितलं नव्हतं.

रोझानाचा फोन आला तेव्हा बर्निताचे हात नारिंगी-पांढऱ्या पिठानं भरले होते.

"घडा बांधून ठेवलास का? तो निघतोय."

"घडा पाट्यावर आहे."

"पाट्यावर काय करतोय?"

"दळला जातोय," बर्निता म्हणाली. "आईनं फोडला. मी अडवलं नाही. तुला काय बोलायचं ते बोल."

रोझानानं विचारलं, "ती जेवली?"

"अर्धा पाव खाल्ला. अजून खातेय."

"बरं." रोझानाचा आवाज बदलला होता. "मी दुकानदाराला कळवते. ग्रँट्सचं आज बोलायला नको. आणि ऐक, सगळं दळू नका. पोपट आहे ना, त्यातला एखादा तुकडा मला ठेव. माझी पिशवी कधीच झाली नाही गं."

बर्नितानं पोपटाचं डोकं उचलून खिडकीत ठेवलं.

दुपार झाली. वारा पडला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि बर्निता वाटत होती. खापर कठीण असतं. आधी कचकचतं, मग किरकिरतं, आणि पुष्कळ वेळानं त्याचा आवाज पिठासारखा मऊ होतो. म्हातारी तिच्या हातांकडे बघत होती. आता हाक येईल म्हणून बर्नितानं मान खाली ठेवली. जरा वाट बघितली.

"तुझा हात चांगला आहे," म्हातारी म्हणाली. "मनगटानं नाही, खांद्यानं वाटतेस. कोणी शिकवलं?"

बर्निताचा वरवंटा क्षणभर अडखळला.

"आईनं."

"शहाणी बाई दिसते. कुठं असते?"

"इथंच असते. घरी."

"म्हातारी असेल."

"हो. खूप म्हातारी झालीय."

"आणि तिचं सगळं तुलाच बघावं लागतं?"

बर्निता वाटत राहिली. म्हातारी पुढे सरकली, तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला आणि घड्याची भिंत तपासावी तसा तपासला.

"दमलीस तू," ती म्हणाली. तिनं लेकीच्या हातातून वरवंटा काढून घेतला. "आण इकडे. जा, तिथं आडवी हो. तुझ्या आईला काही लागलं तर मी बघते."

भिंतीशी मेंढीचं कातडं अंथरलेलं होतं. बर्निता त्याच्यावर आडवी झाली, पिठाचे हात तसेच ठेवून. पाठीमागे वरवंटा फिरत होता, खांद्यानं, सावकाश. बारा वर्षांची असताना तिनं तो आवाज असाच पडल्या पडल्या ऐकला होता. तो मऊ होईपर्यंत ती जागी राहिली नाही.